मॉडेल रोग नव्हे, ताडपत्री ओळखत होतं : ग्रामीण महाविद्यालयातल्या एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तिथे कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांचं अनुदानित महाविद्यालय आहे. बी.एस्सी.ला गणित आणि संख्याशास्त्राच्या जोडीला संगणकशास्त्र घेता येतं. ज्या मॅडमबद्दल हे लिहितो आहे त्या इथे आधी काही वर्षं तासिका तत्त्वावर होत्या आणि २००९ मध्ये कायम झाल्या. मी त्याच इमारतीत संख्याशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. या प्रकरणात मी नुसता बघणारा नव्हतो. मधल्या एका मोठ्या चुकीला माझीही संमती होती, ती जागा आली की सांगेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मॅडमनी मसुदा वाचून होकार दिला आहे.

मॅडमचं संशोधन समजून घ्यायचं तर त्यांचं शिकवणं आधी सांगावं लागतं. विद्यार्थी बहुतेक कापूस-सोयाबीनच्या घरचे, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेले. सुरुवातीच्या वर्षांत भारनियमन इतकं होतं की दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये अर्धा तास वीज मिळाली तरी नशीब समजायचं. लॅबमध्ये टर्बो सी हे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर चालायचं, आणि मुलं प्रॅक्टिकलच्या वहीतले प्रोग्राम पाठ करून यायची. मॅडमनी नियम केला: प्रोग्राम आधी कागदावर. वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना आखायचा आणि ओळीगणिक त्याची किंमत बदलत जायची. वीज गेली तरी तास थांबायचा नाही.

एक उदाहरण त्या दरवर्षी घ्यायच्या. तीन संख्यांमधली सर्वांत मोठी शोधायचा प्रोग्राम. एका मुलाच्या प्रोग्रामला त्या ४, ७, ९ द्यायच्या, उत्तर ९. मग १०, २०, ३०, उत्तर ३०. वर्ग म्हणायचा, बरोबर आहे. मग त्या ९, ४, ७ द्यायच्या आणि उत्तर यायचं ७. प्रोग्राममध्ये तुलना नव्हतीच, शेवटची संख्या छापायची तेवढी ओळ होती. "उत्तर बरोबर आलं म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असं नाही," हे वाक्य त्या फळ्यावर लिहायच्या. पुढे हेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या कामावर येऊन आदळलं.

पीएच.डी.ची नोंदणी २०१७ मध्ये झाली. तोपर्यंत आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार, परीक्षेचं काम, प्रवेश समिती आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली यांतून संशोधनाला वेळ मिळाला नव्हता. शिवाय पुढे आलेल्या २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागणारच होती. मार्गदर्शकांनी चेहरा ओळखण्याचा तयार विषय सुचवला. त्याचे छायाचित्रसंच आयते मिळत होते. मॅडमनी तो नाकारून कपाशीच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा विषय घेतला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जिल्हा हवालदिल केला होता आणि फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. वर्गात बसलेल्या मुलांच्या घरातली ती गोष्ट होती. पानाचा फोटो काढून नेमका रोग कळला तर नको ते औषध तरी मारलं जाणार नाही, इतका साधा विचार त्यामागे होता.

अडचण कशी उभी राहिली

पानांवरून रोग ओळखण्याच्या क्षेत्रात प्लांटव्हिलेज नावाचा छायाचित्रसंच प्रसिद्ध आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. आम्ही तो उघडून पाहिला तेव्हा विदर्भाच्या दृष्टीने त्यात काय आहे ते दिसलं: कपाशी नाहीच. सोयाबीनची फक्त निरोगी पानं. संत्र्याचा एकच रोग. म्हणजे फोटो स्वतः गोळा करणं भाग होतं.

२०१९ च्या हंगामात मॅडमनी सुट्टीच्या दिवशी चार-पाच वावरं पालथी घातली, पण एका माणसाच्या हातून किती होणार? मग २०२० चा लॉकडाऊन आला. मुलं गावोगावी अडकली. ऑनलाइन तासाला टेकडीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढणारी मुलं होती. वहीतल्या प्रोग्रामचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. त्यातूनच मॅडमना कल्पना सुचली: हीच मुलं पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचे फोटो पाठवू शकतील.

इथे पहिला वाद झाला. फोटो पाठवणाऱ्यांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण द्यावेत, असं त्यांच्या मनात होतं. मी विरोध केला. ज्याच्या घरी जमीन नाही किंवा घरातला एकच फोन बाप कामावर घेऊन जातो, त्या मुलाचे गुण कशाच्या आधारावर कापायचे? दोन दिवसांनी त्यांनी गुणांचा विचार सोडला. फोटो कमी येतील अशी भीती होती, तसं झालं नाही. मुलांनी आपणहून पाठवले.

दुसरी गोष्ट मात्र निसटली. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यासोबतची तारीख, वेळ, जागा ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते. हे लक्षात येईपर्यंत निम्मे फोटो आले होते. कोणता फोटो कोणत्या वावरातला, याची नोंद उरली नव्हती.

सुमारे चार हजार फोटो जमले. निरोगी, लाल्या (पानं लाल पडणं), दहिया (पानावर पांढरट बुरशी) आणि जिवाणूजन्य करपा असे चार गट. घरच्या लॅपटॉपमध्ये ताकद नसल्याने मॅडम रात्री गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मॉडेल शिकवायच्या, म्हणजे फोटो दाखवून रोग ओळखायला शिकणारा प्रोग्राम तयार करायच्या. मध्येच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. फोटोंचे दोन भाग करायचे होते, शिकवण्यासाठी ऐंशी टक्के आणि तपासण्यासाठी वीस. ही विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, करावी असं मी सुचवलं. संख्याशास्त्राच्या पुस्तकात तेच असतं. २०२१ च्या सुरुवातीला निकाल आला: ९६ टक्के अचूकता.

मार्गदर्शक खूश झाले. नोंदणीच्या वेळच्या नियमांप्रमाणे प्रबंधापूर्वी संदर्भित, म्हणजे तज्ज्ञ परीक्षकांकडून निबंध तपासून घेणाऱ्या, नियतकालिकात किमान एक शोधनिबंध छापून येणं आवश्यक होतं. त्याच आठवड्यात एका नियतकालिकाची ईमेल आली: काही हजार रुपये भरा, तीन दिवसांत स्वीकृती.

ताडपत्री

निबंध पाठवण्यापूर्वी मॅडमनी तृतीय वर्षाच्या मुलांना निकाल दाखवला. कामात त्यांचा हात होता, म्हणून. पडद्यावर मॉडेलने बरोबर ओळखलेले फोटो एकामागून एक सरकत होते. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, दहियाच्या समद्या फोटोत आमचीच ताडपत्री हाय."

खरंच होतं. तिच्या वावरात दहिया जास्त होता, म्हणून दहियाचे बहुतेक फोटो तिने पाठवलेले. भावाने पानं तोडून आणायची आणि तिने ती कापूस वेचणीच्या निळ्या ताडपत्रीवर मांडून एकेका पानाचे पाच-सहा फोटो काढायचे. लाल्याचे फोटो दुसऱ्या गावचे, त्यांत मागे काळी माती. करप्याचे बरेचसे एका मुलाने ओसरीतल्या शहाबादी फरशीवर काढलेले.

त्या रात्री मॅडमनी एक साधी चाचणी केली. प्रत्येक फोटोतलं पान करड्या रंगाने झाकून टाकलं, फक्त पार्श्वभूमी ठेवली आणि तो फोटो मॉडेलला दिला. पान नसतानाही मॉडेल दहापैकी आठ वेळा "रोग" बरोबर सांगत होतं.

सकाळी त्या माझ्याकडे आल्या. एवढंच म्हणाल्या, "सर, नऊ, चार, सात दिलं."

माझी चूक मला तिथे दिसली. एकाच पानाचे सहा फोटो असतील आणि यादृच्छिक वाटणीत चार शिकवण्याकडे, दोन तपासण्याकडे गेले, तर ती तपासणी राहत नाही. पाठ केलेलाच पेपर परीक्षेला आला असं होतं. यादृच्छिक निवडीला अर्थ येतो तो एकके स्वतंत्र असतील तेव्हा. इथे एकक फोटो नव्हता, वावर होतं. वर्गात नमुना निवड शिकवताना मी हे किती वेळा सांगितलं असेल, आणि संगणकाचं काम म्हटल्यावर विसरलो. ज्या फोटोंचं गाव आठवून सांगता आलं तेवढे घेऊन आम्ही वावरानुसार वाटणी केली, एका वावराचे सगळे फोटो एकाच बाजूला. अचूकता ५८ वर आली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मार्गदर्शकांनी सांगितला. ९६ हा आकडा बनावट नाही, मॉडेलने खरोखर दिलेला आहे, आणि पद्धत सगळे वापरतात तीच आहे. निबंध छापा, सहा महिन्यांत प्रबंध द्या, सुधारणा पुढच्या कामात करा. ते वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांच्याकडे नोंदणी केलेले कितीतरी शिक्षक मुदत संपून बाहेर पडले होते आणि मॅडमचं तसं होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दुसरा पर्याय मधला होता. सॉफ्टवेअरने पार्श्वभूमी काढून फक्त पान ठेवायचं. मॅडमनी तो करून पाहिला. आकडा पुन्हा वर गेला, पण आता त्यांनाच भरवसा वाटेना. एक रोग एकाच गावातून, एकाच फोनवरून, एकाच वेळच्या उन्हात आला असेल तर पानाच्या रंगातसुद्धा गाव लपलेलं असतं.

तिसरा होता विषय बदलून तयार छायाचित्रसंचाकडे जाण्याचा. यावर फार चर्चा झाली नाही.

चौथा पर्याय म्हणजे फोटो पुन्हा गोळा करणं, नीट आखून. त्याला किमान दोन हंगाम लागणार होते. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं, म्हणजे २०२३ पर्यंत. स्त्रियांना दोन वर्षांची जास्त सवलत होती. ती मागायची तर अर्ज, समिती, पुन्हा फायली. घरी मुलगी दहावीला, सासूबाई अंथरुणावर. विभागात त्या एकट्याच कायम शिक्षक होत्या. शिवाय नॅकची पुढची फेरी जवळ आली होती आणि शिक्षकांचे छापील निबंध त्यात मोजले जायचे. प्राचार्यांनी उघड दबाव आणला नाही, पण दर बैठकीला विचारायचे.

पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकाचा प्रश्न वेगळा नव्हता, असं मला वाटतं. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली होती आणि मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नावं एका फटक्यात काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये तिच्या जागी केअर ही नवी यादी आली. आमच्याच महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याचे निबंध त्या काढलेल्या नियतकालिकांतले निघाले, आणि त्याला प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावं लागलं. मॅडमनी ते जवळून पाहिलं होतं. पण त्यांचा निर्णय त्या भीतीतून आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उद्या याचं ॲप झालं, त्या पोरीच्या वडिलांनी ते उघडून वावरात फोटो काढला आणि चुकीचा फवारा मारला, तर?"

काय केलं

चौथा पर्याय घेतला. मार्गदर्शकांना पटवायला दोन महिने गेले. शेवटी पान झाकलेल्या चाचणीचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मुदतवाढीच्या अर्जावर सही मी करतो.

खरीप २०२१ ला काम नव्याने सुरू झालं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटी वही दिली: गाव, वावर, तारीख, वाण, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. पान तोडायचं नाही, झाडावरच फोटो घ्यायचा. एका पानाचा एकच फोटो. एकाच वावरातून रोगट पानं घ्यायची तशी निरोगीही घ्यायची, म्हणजे मातीचा रंग दोन्हीकडे सारखा राहील. फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचा.

नवी अडचण फोटोंना नाव देताना आली. शेतकरी लाल झालेल्या प्रत्येक पानाला लाल्या म्हणतो. पण पान मॅग्नेशिअमच्या कमतरतेनेही लाल होतं, आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा पिवळ्या-लाल होऊन वळतात. पहिल्यावर फवारणीतून मॅग्नेशिअम सल्फेट द्यायचं, दुसऱ्यावर कीटकनाशक. गफलत झाली तर पैसा वाया आणि विष फुकट. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला बसतात, आणि आमचे सगळे फोटो वरून काढलेले! एका मुलाच्या आजोबांनी ते फोनवर पाहिलं आणि म्हणाले, "पान उलटून पाहाल तवा समजन ना बाप्पा." तेव्हापासून प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. एका पानाचा एकच फोटो हा नियम तेवढ्यापुरता बदलला आणि दोन्ही फोटोंची जोडी कायम एकत्र ठेवली.

वनस्पतिरोगाच्या दोन जाणकारांना तेच फोटो वेगवेगळे दाखवले. दोघांचं किती जुळतं हे मी कोहेनच्या कापा गुणकाने मोजलं. दहियावर दोघे जवळपास पूर्ण सहमत होते, लालसर पानांवर बऱ्याचदा नाही. ज्या फोटोंवर मतभेद होता ते मॅडमनी टाकून दिले नाहीत, "नक्की नाही" असा पाचवा गट केला. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता. फोनने शेतकऱ्याला खात्रीने चुकीचं सांगण्यापेक्षा कृषी सहाय्यकाला दाखव म्हणून सांगणं केव्हाही बरं.

२०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने वावरं खरडून गेली. काही विद्यार्थ्यांच्या घरी दुबार पेरणी झाली. त्या काळात मॅडमनी कुणालाही फोटो मागितले नाहीत. हंगामाच्या शेवटी जे आले तेवढ्यावर काम भागवलं.

निष्पत्ती

वावरानुसार वाटणी करून नव्या फोटोंवर मॉडेलची अचूकता सत्तरीच्या थोडी वर आली. जुन्या ९६ पुढे हा आकडा लहान दिसतो. शोधनिबंधात दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिले, ताडपत्रीच्या फोटोसकट. दोन नियतकालिकांनी तो परत पाठवला. एका परीक्षकाने लिहिलं की, इतरांची अचूकता याहून बरीच जास्त आहे. तिसऱ्या ठिकाणी परीक्षकाने पान झाकण्याच्या चाचणीवरच सर्वाधिक प्रश्न विचारले आणि निबंध स्वीकारला गेला. प्रबंध वाढीव मुदतीत, २०२४ च्या सुरुवातीला सादर झाला. त्याच वर्षी मौखिक परीक्षा झाली.

सहयोगी प्राध्यापकपद लांबलं आणि त्यासोबत पगारातला फरकही गेला. नॅकच्या तक्त्यात त्या वर्षांत त्यांच्या नावापुढे शून्य होतं. हे नुकसान खरं आहे आणि ते कुणी भरून दिलेलं नाही. शेतकऱ्यांच्या हाती द्यावं असं ॲपही झालेलं नाही. मॅडम म्हणतात, इतक्यात होऊही नये.

वर्गात मात्र फरक पडला. तीन संख्यांच्या उदाहरणानंतर त्या आता जुने फोटो दाखवतात आणि मुलांना रोग ओळखायला सांगतात. दहा मिनिटांत मुलं पानाकडे न बघता ताडपत्रीवरून उत्तर द्यायला लागतात, आणि कुणीतरी थबकून विचारतं, "पण मॅडम, हे तर…" तिथून त्यांचा तास सुरू होतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फोटो यायच्या आधी वही हवी होती. दोन हंगाम नोंदीअभावी गेले, मॉडेलच्या दोषाने नव्हे. जाणकारांकडेही आम्ही फार उशिरा गेलो. पान उलटून बघायचं, हे पहिल्याच दिवशी कुणाही शेतकऱ्याने सांगितलं असतं, पण आम्ही त्यांच्याकडून फोटो मागत होतो, मत मागत नव्हतो.

प्लांटव्हिलेजवरचा २०१६ चा मूळ निबंध २०१८ पासून माझ्या टेबलावर होता. त्यात ९९.३५ टक्के अचूकतेचा आकडा आहे, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. मी पहिल्या आकड्याखाली रेघ मारली होती. दुसरा वाचलाच नाही. तो वाचला असता तर वाटणी कशी करायची हा प्रश्न मी २०१९ मध्येच विचारला असता.

मार्गदर्शकांशी बोलणं आणखी आधी व्हायला हवं होतं. मॅडमनी आकडा कळवला, फोटो दाखवले नाहीत. फोटो दाखवल्याबरोबर त्यांचं मत बदललं, ते दोन महिने वाचले असते.

एक गोष्ट अजून सलते. ताडपत्री ओळखणाऱ्या मुलीचं नाव शोधनिबंधात लेखक म्हणून नाही, आभारात आहे. मॅडम तेव्हा तिचं नाव लेखकांत घालायचं म्हणत होत्या. ज्याने लिखाण आणि विश्लेषण केलं तोच लेखक, असं मी म्हणालो आणि त्यांनी ऐकलं. आज मला ते चूक वाटतं. त्या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष तिचा होता, आम्ही त्याची मोजदाद केली. ती आता एम.एस्सी. करते आहे. लालसर पानांवरचा पुढचा निबंध मॅडमनी तिच्यासोबत लिहिला आहे, आणि त्यावर तिचं नाव पहिलं आहे.